सालवाल्यांचं घर

"वरची पोरगी? ते रोजीवाली हाये."

हातात दुधाची पिशवी आणि कागदात गुंडाळलेली अंडी घेऊन मी जिन्याच्या मध्यावर थांबले. खाली ओट्यावर आमचे घरमालक मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाशी बोलत होते. त्या माणसाने विचारलं, कुणाच्या शेतात जाते. घरमालक म्हणाले, "शेतात नाई रे बापा, बँकेत हाये. पगार महिन्याचा घेते न सामान रोजचं आणते. आज दूध, उद्या साखर, परवा साबण. घरात संध्याकाळचं मीठ असन का नाई, देव जाणे."

मीठ होतं. हे खाली जाऊन सांगता आलं असतं. मी वर गेले आणि अंडी उकडायला ठेवली.

बँकेच्या मूल गावातल्या शाखेत ती माझी पहिली नोकरी. मी राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी घरात बोलतो, पण परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आधी मनात वाक्य जुळवते, ते तपासते, आणि तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. त्यामुळे त्या घरात राहिले तेवढे दिवस मी ऐकण्याचंच काम केलं. ऐकण्यासारखं पुष्कळ होतं, कारण घरमालकांना थांबणं माहीत नव्हतं. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणायचे.

काकाजींच्या मते जगात चार प्रकारची घरं असतात. रोजीवाली, हप्तेवाली म्हणजे आठवड्याची, महिनेवाली आणि सालवाली. माणसाचं शिक्षण, नोकरी, बोलणं-चालणं यातून त्यांना काही कळत नसे. किराणा किती दिवसांनी भरतो एवढं कळलं की त्यांना माणूस कळे. गल्लीतल्या प्रत्येक घराची वर्गवारी त्यांनी केलेली होती आणि ती पाठ होती. तलाठी महिनेवाले, म्हणून बरे. शाळेतल्या मॅडम हप्तेवाल्या, म्हणून नवऱ्याचं काही खरं नाही. समोरचा टेलर रोजीवाला, त्याच्याबद्दल बोलायचंच नाही. आणि सालवालं घर गल्लीत एकच.

पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलाला फक्त एक प्रश्न विचारला होता, तुमच्या घरी तेल पिप्यानं येते का पाकिटानं? मुलगा इंजिनीअर होता, बिचारा खरं बोलला. पाकिटानं. काकाजी चहा न घेता उठले. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि ऐकणारे माना डोलवत. लोकांना त्यांच्याबद्दल आदर होता. चिक्कू माणसाकडे भरलेली खोली असली की आपल्याकडे त्याला दूरदृष्टीचा म्हणतात.

भाड्याची खोली बघायला मी बाबांबरोबर गेले, तेव्हा त्यांनी आम्हाला आधी आपली कोठीची खोली दाखवली. करदोट्याला बांधलेली किल्ली काढायला त्यांना सदरा वर करावा लागला. आत तांदळाच्या पत्र्याच्या उंच कोठ्या होत्या. एरंडेल चोळलेली तुरीची डाळ, मिरच्यांचं पोतं, गुळाच्या भेल्या, तेलाचे पिपे. कपड्यांचा साबण विटांसारखा रचलेला. आगपेट्या, उदबत्त्या, दात घासायच्या पेस्टचे खोके, आणि एका कोपऱ्यात तापाच्या गोळ्यांची पाकिटं. बाबांनी गमतीने विचारलं, ताप पण सालाचा भरता का? काकाजी हसले नाहीत. ते म्हणाले, ताप येणारच आहे तर तयारी नको?

बाबांना घर आवडलं. त्यांना वाटलं, इतका व्यवस्थित माणूस आहे, मुलगी सुरक्षित राहील.

त्या व्यवस्थेचा वास मला नंतर कळला. पावसाळ्यापर्यंत साबणाला भेगा पडत आणि तो फेस देणं बंद करी. आगपेट्या सादळत. शेवटचा पिपा उघडला की तेल खवट झालेलं असे आणि त्या फोडणीचा दर्प जिन्याने चढून माझ्या खोलीत येऊन बसे. काकाजी त्याला मुरलेलं तेल म्हणत. पेस्टवरची तारीख उलटून गेलेली असे, तर ते म्हणत, तारीख कंपनीच्या फायद्यासाठी असते, दातांच्या नाही. त्यांचे स्वतःचे दात बरेचसे गेलेले होते.

एकदा माझी नागपूरची मैत्रीण दोन दिवस राहायला आली. तिने बोलता बोलता सांगितलं की ती फोनवरून दही मागवते आणि ते दहा मिनिटांत दारात येतं. काकाजींनी तिला नीट पाहून घेतलं. "म्हंजे दहा मिनिटाच्या पुढचा इचार करावाच नाई लागत," ते म्हणाले. मैत्रीण म्हणाली, तेच तर. नंतर बरेच दिवस ते मला विचारत होते, तुमची ते दहा मिनिटवाली कशी हाये? त्यांच्या वर्गवारीत पाचवा प्रकार तयार झाला होता, रोजीच्याही खालचा.

ही सवय त्यांना कुठून लागली ते मला त्यांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं. काकाजी जंगल खात्यात बाबू होते आणि नोकरीचा मोठा काळ आलापल्लीच्या पलीकडे गेला होता. तिथे पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद होई, आणि उन्हाळ्यातच तांदूळ, मीठ, तेल भरून ठेवावं लागे. सगळेच भरत. त्यात काही विशेष नव्हतं. पण निवृत्तीनंतर काकाजी मूलमध्ये आले, जिथे घरासमोर किराण्याचं दुकान आहे, मागच्या गल्लीत दुसरं आहे, आणि तांदळाच्या गिरण्यांचा भुसा तर नाकातोंडात जातो. तिथेही ते रस्ता बंद होण्याची वाट बघत राहिले.

हे सांगून झाल्यावर काकू पापड उलटत म्हणाल्या, "तिथी पावसात रस्ता बंद राहे. इथी बाराही महिने बंद."

त्या इतक्या हळू बोलल्या की मला आधी वाटलं त्या पापडांशी बोलल्या.

गच्ची माझ्या खोलीला लागून होती, म्हणून काकूंशी माझं बोलणं तिथेच होई. खाली नाही. खाली त्या बोलत नसत. सालवाल्या घरातली बाई बाजारात जात नाही, कारण आणायचं काय? मिरची आहे, मीठ आहे, मुंगवड्या आहेत, परसात भोपळ्याचा वेल आहे. त्या कधी म्हणाल्याच की जरा बाजारात जाऊन येतो, तर काकाजींचा ठरलेला प्रश्न येई, काय संपलं? ते रागावत नसत, ओरडत नसत. ते खरोखर विचारत, आणि उत्तराची वाट बघत. काही संपलेलं नसे. मग काकू पिशवी खुंटीला परत अडकवत.

आणि गंमत अशी की वर्षातून एकदा बाजार करणाऱ्या त्या घरात काकूंना रोज सकाळी दुकानात जावं लागे. दुकानदार घरचाच होता. आंघोळ झाली की काकाजी सदरा वर करून किल्ली काढत, कोठीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसत आणि काकू समोर परात घेऊन उभ्या राहत. दोघांचा तांदूळ, दोघांची डाळ, पळीभर तेल. काकूंनी आणखी थोडं मागितलं तर कशाला ते सांगावं लागे. समोरचा किराणावाला निदान असं विचारत नाही. तो सुटे पैसे नाहीत म्हणून चॉकलेट तरी देतो.

टेलरच्या घरी मात्र मी एकदा विचारलं होतं. माझा कुर्ता लहान करायला टाकला होता आणि त्याची बायको, गल्लीची भाभी, शिवणाच्या ढिगातून तो शोधत होत्या. माझ्याकडून तो प्रश्न कसा निघाला मला माहीत नाही. मी विचारलं, तुम्ही रोज का आणता? मला वाटलं त्या म्हणतील, धंदा रोजचा म्हणून. तेही म्हणाल्या. पण पुढे म्हणाल्या, "और घर में भरके रखो तो कौन संभालेगा? बच्चे खाते, मेहमान खाते, चूहे खाते. अपना चावल दुकान में रखा रहता. चूहे वो देखता, हम रोज का रोज ले आते." मग हसून म्हणाल्या, "तुम्हारे काकाजी फोकट में चौकीदारी करते."

मला हे वाक्य घेऊन घरी जावंसं वाटलं. पण कुणाला सांगणार?

आमच्या घरी, म्हणजे वसाहतीत, आई-बाबा दर रविवारी गाडीने चंद्रपूरला जातात आणि मॉलमध्ये ढकलगाडी भरून आणतात. त्यातलं निम्मं कुणी खात नाही. ओट्सचा एक डबा मी दहावीत असल्यापासून वरच्या फळीवर आहे. म्हणजे आम्हीही काही शहाणे नाही. पण त्या ढकलगाडीमागे आई नटून जाते, वाटेत मावशीला भेटते, उसाचा रस पिते. कुणी तिला विचारत नाही, काय संपलं.

मी आठवडी बाजाराला जायचे ते गर्दी आवडते म्हणून नाही. बाजारात मान खाली घालून बोटाने दाखवलं तरी काम होतं. एकदा निघताना काकू जिन्याशी आल्या आणि घाईघाईने म्हणाल्या, चिंचेखाली एक बाई सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसते, सांबार तिच्याचकडून घ्या, आणि भाव करू नका. मी विचारलं, ओळखीची आहे का? त्या म्हणाल्या, "माही बहीण हाये. लहान."

चिंचेखाली कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईला ओळखायला वेळ लागला नाही. बोलण्याआधी ओठ आत घ्यायची सवय काकूंचीच. मी कुठून आले ते सांगितल्यावर तिने एकच विचारलं, बाई कशी हाये? मोठ्या बहिणीला ती बाई म्हणायची. मी म्हटलं, बऱ्या आहेत. तिने माझ्या पिशवीत पैशांपेक्षा जास्त सांबार टाकला, वर ओंजळभर शिंगाडे टाकले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढे ते नेहमीचंच झालं. ती विचारायची, बाई कशी हाये, मी म्हणायचे, बऱ्या आहेत. इकडे काकू विचारायच्या, कशी होती, मी म्हणायचे, बरी होती. शिंगाडे, बोरं, अंबाडीचा पाला, जे येईल ते काकू गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून खायच्या. एकाच गावात दर आठवड्याला, चालत जाण्याच्या अंतरावर, दोन बहिणी माझ्यासारख्या मुक्या मुलीकरवी बोलत होत्या.

ती घरी का येत नाही हेही कळलं. पूर्वी एकदा आली होती, बाजारातून परत जाताना, उरलेली टोपली डोक्यावर घेऊन. काकाजी ओट्यावर होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही. जुडी केवढ्याला देते ते विचारलं, आणि त्या वेळच्या भाडेकऱ्यांसमोर म्हणाले, आमच्या इथी जुडीनं काई घेत नाई. ती पाणी न पिता गेली. काकू आत परात धुवत होत्या, त्यांना सगळं ऐकू आलं.

त्या वर्षी धान कापून शेताच्या बांध्यांत पडलं असताना पाऊस झाला. ज्यांच्याकडे शेती आहे ते लोक धानच साठवतात आणि लागेल तसं गिरणीवरून काढून आणतात. काकाजींना शेती नव्हती, ते तयार तांदूळ घेत, आणि दत्तजयंतीच्या आत घेत, कारण ते नेहमी दत्तजयंतीच्या आत घेत. गिरणीवाल्याने त्यांना सांगितलं होतं, काकाजी, यंदा मालात ओल आहे, महिनाभर थांबा. ते मला ओट्यावरच्या बोलण्यातूनच कळलं, कारण काकाजी ते विनोद म्हणून सांगत होते. गिरणीवाला मले शिकवते म्हणे. त्यांनी तांदूळ आणला, कोठ्या भरल्या आणि हवा लागू नये म्हणून झाकणांच्या फटी काकूंकडून शेणामातीने लिंपून घेतल्या. ओल आत ठेवून दार बंद करायचं काम त्यांनी फार नीट केलं.

संक्रांतीला पहिली कोठी फोडली. मी जिन्यावरून उतरत होते. वास आधी आला, मग काकाजींचा आवाज. नव्या तांदळाले असाच वास असते, ते म्हणाले. काकूंनी काहीच म्हटलेलं नव्हतं.

काही दिवस ते दोघं तो भात जेवले. काकू तांदूळ धूत राहायच्या आणि पाणी पिवळं येत राहायचं. मग दुसरी कोठी फोडली, तिच्यात गाठी झालेल्या होत्या. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, काकू गच्चीवर चादरी टाकून तांदूळ पसरायच्या आणि गल्ली उठायच्या आत गोळा करायच्या. गल्लीतल्या कुणाला दिसता कामा नये, असा हुकूम होता. चिमण्या येऊन बसल्या आणि न टिपता उडून गेल्या. मी सुट्टीच्या दिवशी खोलीत होते, दाराच्या फटीतून पाहिलं. काकूंनीही मला पाहिलं.

त्यानंतर एक दिवस मी बँकेतून येताना स्टँडपलीकडच्या दुकानात ब्रेड घ्यायला थांबले. माझ्यापुढे एक माणूस उभा होता, डोक्याला मफलर, तोंडाला मास्क. तो म्हणाला, एक किलो तांदूळ. दुकानदार तराजूकडे वळता वळता म्हणाला, "रोजचाच ना, काकाजी?"

मफलरवाला म्हणाला, पाव्हणे आलेत. दुकानदार म्हणाला, कालही पाव्हणेच होते. त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला आपलं गिऱ्हाईक ओळखल्याचा आनंद झाला होता.

काकाजी पिशवी घेऊन वळले आणि मी समोर. मी नेहमी करते तेच केलं, बिस्किटांच्या पुड्यांकडे बघत राहिले. त्यांनी पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि गेले. तांदूळ एका किलोनेच का, हे मला ब्रेड हातात आल्यावर कळलं. पोतं आणलं असतं तर गल्लीने पाहिलं असतं. किलोभर तांदूळ डिकीत मावतो. रोज थोडा आणला की सालवालं घर सालवालंच राहतं.

त्या दिवसानंतर ते माझ्याशी जरा मऊ बोलायला लागतील असं मला वाटलं होतं. उलट झालं. मी दूध घेऊन आले की ते मुद्दाम मोठ्याने म्हणत, आली का रोजी? त्यांची खात्री होती की मी बोलणार नाही. माणसं ओळखण्यात ते अगदीच कच्चे नव्हते.

पुढच्या बाजाराला चिंचेखालच्या बाईने बाई कशी आहे ते विचारलंच नाही. तिने सांगितलं, पुढच्या हप्त्याचा बाजार शेवटचा, मग गावातल्या बायांसोबत तेलंगणात मिरची तोडायला जाते, उन्हाळ्यात परत येईन. बाईले म्हणा, एकदा येऊन जा. मग ओठ आत घेऊन म्हणाली, तब्येत बरी नाई राहत माही, म्हणून म्हणतो.

मी ते निरोपाचं वाक्य काकूंना जसंच्या तसं सांगितलं. त्या टाकीआड बसून होत्या. मग म्हणाल्या, मी जातो म्हणून सांगीन त्याहीले.

बाजाराच्या दिवशी बँकेला सुट्टी होती. मी पिशवी घेऊन जिना उतरत होते. ओट्यावर भाभी आल्या होत्या, काकूंचा शिवलेला ब्लाउज द्यायला, आणि काकाजी त्यांना रोजीच्या घरांचं काय होतं ते समजावत होते. भाभी हो हो म्हणत होत्या. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. चांगलं लुगडं नेसलेल्या, केस विंचरलेले, हातात खुंटीवरची पिशवी.

"बाजारात जाऊन येतो," त्या म्हणाल्या.

"काय संपलं?" काकाजींनी विचारलं.

काकू उभ्या राहिल्या. त्यांना एक शब्द बोलायचा होता, सकाळी परातीत पडलेल्या दुकानच्या तांदळाचा. तो बोलला की नवरा गल्लीसमोर उघडा पडणार होता, आणि न बोलला की बहीण भेट न होताच मिरचीला जाणार होती. त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. ओठ आत घेतले. नजर खाली गेली.

"मी अडवतो का तुले?" काकाजी शांतपणे म्हणाले. "जे संपलं ते सांग, न जाऊन ये." मग भाभींकडे वळले, चेहऱ्यावर ते ठेवणीतलं समाधान. "पाहा. भरलेलं घर असलं का बाईले बाजाराची गरजच नाई पडत."

काकू मागे वळल्या. खुंटी दाराच्या आतच होती.

माझं वाक्य स्टँडपलीकडच्या दुकानापासून तयार होतं. रोज तपासून झालं होतं, त्यात चूक नव्हती. मी उरलेल्या पायऱ्या उतरले, काकूंच्या हातातली पिशवी धरली, आणि काकाजी पुढच्या विषयावर जायच्या आत मी म्हटलं,

"तांदूळ संपलाय, काकाजी. काकू आणि मी घेऊन येतो. किलोभरच आणू ना, तुम्ही रोज आणता तेवढा?"